छोट्या घरात मुलांची खेळायची जागा: आधी फरशी मोकळी करा, खरेदी शेवटी

पुण्यात धायरी असो, धानोरी असो की वाघोली, वन बीएचकेमध्ये लहान मूल असलं की हॉल साधारण सारखाच दिसतो. भिंतीला रंगीत प्लॅस्टिकचा रॅक, त्यासमोर एकमेकांत अडकवायचे फोमचे तुकडे, कोपऱ्यात कापडी तंबू. आणि मूल खेळत असतं स्वयंपाकघराच्या दारात, आईच्या पायाशी. पैसे गेले, जागा गेली, पसारा मात्र वाढला.

वस्तू वाईट नसतात, क्रम चुकतो. आधी खरेदी होते, मग त्या वस्तूंसाठी जागा शोधली जाते, आणि धोक्यांचा विचार मूल पडल्यावर सुरू होतो. खाली दिलेला क्रम ३५० ते ५५० चौरस फुटांच्या घरासाठी आणि साधारण १ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. भाड्याच्या घरातही तो चालतो. एकच गोष्ट सुरुवातीपासून धरून ठेवा: मुलाला खेळायला लागते ती मोकळी फरशी. रॅक, खोकी, तंबू, टेबल हे सगळं त्याच फरशीतून जागा घेतं. त्यामुळे कुठलीही नवी वस्तू आणण्याआधी विचारायचं, की हिच्यामुळे फरशी वाढणार की कमी होणार?

## तयारी

मीटर टेप, खडू, घरातली एक सतरंजी, तीन-चार मोठ्या पिशव्या आणि सोबतीला घरातलं दुसरं मोठं माणूस, एवढं पुरे. या टप्प्यावर ऑनलाइन काही मागवू नका आणि बोहरी आळीच्या बाजारात खोकी बघायलाही जाऊ नका. किती खोकी लागणार आणि कोणत्या मापाची, हे सहाव्या पायरीपर्यंत कळतच नाही.

घरातल्यांशी आधी बोला. आजी-आजोबा असतील तर त्यांची उठबस कुठे असते, रात्री बाथरूमला जायचा त्यांचा रस्ता कोणता, हे विचारून घ्या. अंधारात ठोकळ्यावर पाय पडून आजी घसरल्या तर त्यांचं खुब्याचं हाड मोडू शकतं. केर-फरशीच्या मावशींनाही विचारा. त्या रोज ज्या जागेवरून केर काढतात तिथे चाळीस वस्तू मांडलेल्या असतील, तर घाईत सगळं एका टोपलीत जाणार. त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना अर्ध्या मिनिटात फरशी मोकळी करता आली पाहिजे, हे आपण ठरवताना बघायचं.

## १. चार-पाच दिवस फक्त बघा

घराचा ओबडधोबड नकाशा कागदावर काढा. मूल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुठे बसून खेळतं तिथे फुली मारा. शेजारी दोन शब्द लिहा: कशाशी खेळत होतं, आणि किती वेळ टिकलं. मधे शनिवार-रविवार येऊ द्या, कारण सगळे घरी असले की मुलाची जागा बदलते.

बहुतेक घरांत फुल्या मोठ्या माणसाच्या आसपास पडतात. तीन-साडेतीन वर्षांखालचं मूल आतल्या खोलीत, कितीही सुंदर मांडून दिलं तरी, एकटं फार वेळ थांबत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला उलट थोडी आडोशाची जागा लागते, कारण त्याचा अर्धवट किल्ला धाकट्या भावंडाने मोडायला नको असतो. म्हणजे एका वयाला ओट्याजवळची जागा आणि दुसऱ्या वयाला खाटेपलीकडची. ही निवड फुल्या बघून करा, फोटो बघून करू नका.

तपासा: सगळ्यात जास्त फुल्या जिथे आहेत, तिथून मूल तुम्हाला दिसतं का?

## २. सगळी खेळणी एका जागी ओता

सोफ्याखालची, माळ्यावरची, गाडीच्या डिकीतली, बाथरूममधली, सगळी. मूल शाळेत किंवा पाळणाघरात असताना हे उरकायचं. मग चार ढीग करा: सध्या खेळतं ती, वयाच्या पुढची किंवा सध्या बाजूला पडलेली, देऊन टाकायची, आणि मोडलेली.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. समोर १६ खेळणी असताना मुलं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. ४ असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. जागा लहान असणं इथे आपल्या बाजूने आहे. समोर ६ ते ८ प्रकारच पुरेत. ठोकळ्यांचा संच हा एक प्रकार, भातुकली एक, गाड्या एक, असं मोजा.

मोडलेल्या ढिगाबद्दल कठोर राहा. धारदार कडा निघालेलं प्लॅस्टिक भंगारात गेलं पाहिजे. ‘कधीतरी दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेली गाडी वर्षभर माळ्यावर पडून राहते. देऊन टाकायच्या ढिगात मात्र धड असलेलीच खेळणी ठेवा. अर्धे तुकडे हरवलेलं कोडं दुसऱ्याच्या मुलाला देणं बरं नाही.

सावध: मुलाची रोजची बाहुली, झोपताना लागणारा कपडा, चिंध्यांचा चेंडू यांना या वाटपात हात लावू नका, दिसायला कितीही मळके असले तरी.

## ३. फरशी मोजा आणि जागा ठरवा

याच पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बसून खेळणाऱ्या एका मुलाला ३ × ४ फूट पुरतात. ठोकळे, रेल्वेचे रूळ पसरायचे असतील किंवा शेजारी मोठं माणूस बसणार असेल, तर ४ × ६ फूट. दोन मुलं असतील तर ५ × ६. ही मापं खडूने फरशीवर आखा. आखल्याशिवाय अंदाज चुकतोच, कारण रिकामी खोली डोळ्यांना मोठी वाटते.

जागा मिळत नसेल तर पहिल्यांदा टीपॉय उचला. १० × १४ फुटांच्या हॉलमध्ये मधोमध टीपॉय असला की नेमकी सलग फरशी तुटते, आणि चालायला लागलेलं मूल अडखळलं की त्याचे कोपरे कपाळाला लागू शकतात. त्यावर वर्तमानपत्र आणि रिमोट याखेरीज सहसा काही नसतं. त्यानंतर पाळी कपडे टांगायच्या कामी आलेल्या व्यायामाच्या सायकलीची. मग दारातला चपलांचा स्टँड, जो दाराबाहेर किंवा उभ्या अरुंद कपाटात जाऊ शकतो. बाहेर ठेवताना सोसायटीच्या जिन्याची वाट मात्र मोकळी राहिली पाहिजे.

जागा निवडताना हे टाळा:

- ओट्यापासून ३ फुटांच्या आतली फरशी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, हॉलच्या बाजूला बसवा. मूल दिसतं, आणि गरम तेल किंवा कुकर घेऊन वळताना पायात येत नाही.
- दार उघडतं ती कमान. बेडरूमचं आणि बाथरूमचं दार पूर्ण उघडून खडूने रेघ मारा. बोटं बिजागरीच्या बाजूला चेंगरतात, तिकडे पाठ करून मूल बसायला नको.
- बाहेरची, ओल धरणारी भिंत. जुलैत तिला हात लावून बघा, किंवा रंगाचे पोपडे बघा.
- बाल्कनी, मुख्य जागा म्हणून. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीतली फरशी चटका देते, पावसाळ्यात झड आत येते. मोठं माणूस सोबत असताना संध्याकाळचा तासभर ठीक.
- ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन, साबणाची पावडर, फिनेल असतं. खेळासाठी ती जागा मनातून काढून टाका.

आता पुण्यातली एक गोष्ट, जी उन्हाळ्यात जागा ठरवणारे हमखास विसरतात. जून ते सप्टेंबर कपडे वाळत घालायचा स्टँड घरात येतो आणि तो पंख्याखालीच उभा राहतो. तुमचे ४ × ६ फूट नेमके तिथेच असतील तर चार महिने खेळ बंद. स्टँड आत्ताच उघडून ठेवा आणि मग जागा आखा. गौरी-गणपतीची आरास हॉलच्या ज्या कोपऱ्यात होते तोही कोपरा लक्षात घ्या. तेवढ्या दिवसांसाठी खेळ कुठे हलवायचा, हे आधी ठरलेलं असलं की ऐन गडबडीत रडारड होत नाही.

जागा ठरली की खडूच्या चौकटीत सतरंजी पसरा आणि रोजच्या ढिगातली खेळणी नुसती खाली ठेवा. दोन-तीन दिवस असंच राहू द्या.

तपासा: मूल आपणहून सतरंजीवर येतं का? केर-फरशी न अडता होते का? आजोबा खुर्चीतून उठून सरळ चालत जाऊ शकतात का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर नकारार्थी आलं, तर सतरंजी सरकवा आणि पुन्हा दोन दिवस बघा. सतरंजी सरकवणं फुकट आहे, भिंतीला ठोकलेला रॅक सरकवणं नाही.

## ४. धोके काढा

ही पायरी खरेदीच्या आधीच व्हायला हवी. एकदा खेळायची जागा म्हटलं की तुमची नजर तिथून थोडी हटते, म्हणून तिथे आणि आसपास जास्त काटेकोर राहावं लागतं. गुडघ्यांवर येऊन, मुलाच्या उंचीवरून खोली बघा.

पडणारं सामान. ड्रॉवरचं उभं कपाट, पुस्तकांची मांडणी, टीव्ही. मूल खालचे ड्रॉवर ओढून त्यांच्या पायऱ्या करतं आणि सगळं कपाट अंगावर येतं. उंच सामान मागून एल पट्टीने भिंतीला बांधा. भिंत कसली आहे हे सुताराला आधी तपासायला लावा. विटेच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) आणि लांब स्क्रू धरतो. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत तीच गिट्टी काही दिवसांत ढिली होते, तिथे त्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर लागतात. पूर्ण काँक्रीटची भिंत असेल तर हॅमर ड्रिल लागतं. घरमालक भोकं पाडू देत नसेल तर उंच सामान खेळाच्या खोलीतून हलवा आणि बुटकं, रुंद बुडाचंच ठेवा.

बाल्कनी आणि खिडकी. गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर जाळी लावून घ्या. गजांजवळ कुंडी, स्टूल, खोकं, जुना कूलर असं पाय ठेवता येईल असं काहीही नको. खिडकीखाली दिवाण असेल तर ती खिडकी आतून अडवा. आडवे गज असलेली बाल्कनी मुलासाठी शिडीच असते, तिचं दार कडी लावूनच ठेवा.

पाणी. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी रात्री बादल्या आणि पिंप भरून ठेवणारी घरं बरीच आहेत. चालायला लागलेलं मूल डोक्याकडून बादलीत पडलं तर काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. पिंपाला घट्ट झाकण हवं, आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी.

घशात अडकणारं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सोपी कसोटी: कागदी रोलच्या आतल्या, साधारण ४ सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हाती नको. चिंचोके, गोट्या, सागरगोटे, मणी, हरभरे, फुग्याचे तुकडे हे सगळं त्यात आलं. कडधान्यं वाटीत ओतायचे खेळ आवडतात हे खरं, पण ते थोरल्यासाठी ठेवा आणि धाकटा झोपलेला असताना.

बटण सेल आणि लोहचुंबक. गाणी म्हणणारी खेळणी, छोटे रिमोट, दिवाळीत आणलेल्या विजेच्या पणत्या, या सगळ्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं ठेवूच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या इस्पितळात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. लहान गोळ्यांसारखे शक्तिशाली चुंबक एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्याला भोक पाडतात. तेही घराबाहेर.

वीज आणि दोऱ्या. खालच्या सॉकेटला झाकण, आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पडद्यांच्या, ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या उंच बांधा.

सावध: भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना यातून सूट आहे. रस्त्यावर सुट्या मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावर हे चिन्ह नसेल तर स्वस्त म्हणून घेऊ नका, विशेषतः जे तोंडात जाणार आहे ते.

## ५. खालचं अंथरूण

सतरंजी, जुनी गोधडी किंवा जाड चटई बहुतेक घरांना पुरते. उचलून झटकता येते, उन्हात टाकता येते, आणि गुंडाळली की हॉल पुन्हा हॉल होतो. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून खाली रबरी जाळी अंथरा.

फोमचे तुकडे घ्यायचेच असतील तर मूल ते चावायच्या वयाचं नाही ना, ते बघा. पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा पूर्ण उचलून खालची फरशी कोरडी करावी लागते, नाहीतर खाली बुरशी धरते.

## ६. ठेवायची सोय, आणि आता खरेदी

उरलेला ढीग मोजा. किती प्रकार, त्यातली सगळ्यात मोठी वस्तू केवढी. मगच बाहेर पडा.

रॅकचा वरचा कप्पा मुलाच्या खांद्याच्या वर नको. तीन वर्षांच्या मुलाला साधारण अडीच फूट उंची बस झाली. खोली १० ते १२ इंच, त्यापेक्षा जास्त असली की मागची रांग विसरली जाते. घरात उभी पुस्तकांची मांडणी असेल तर ती आडवी करून बघा, बऱ्याचदा नवीन काही घ्यावंच लागत नाही. जड वस्तू तळात, हलक्या वर.

खोकी उघडी, पारदर्शक आणि मुलाला एकट्याने उचलता येतील एवढीच, ५ ते ७ लिटरची. एकच मोठी पेटी घेण्याचा मोह टाळा. तळातलं काढायला मूल सगळी पेटी उलटी करतं, आणि जड झाकण बोटांवर पडतं. दिवाणाच्या आतली जागाही मुलांसाठी वापरू नका, त्याची फळी जड असते. दिवाण पायांवर उभा असेल तर मात्र खालच्या फटीची उंची मोजून चाकांची चपटी खोकी सरकवता येतात, आणि फरशी जराही कमी होत नाही.

बुरूड आळीतल्या बांबूच्या टोपल्या हलक्या आणि टिकाऊ असतात. घेताना आतून हात फिरवून कुसळं नाहीत ना ते बघा, आणि पावसाळ्यात त्या जमिनीपासून उचलून ठेवा. पुठ्ठ्याची खोकी जूनमध्ये बाद करा.

खोक्यावर नाव लिहिण्याऐवजी आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा. चार वर्षांच्या मुलालाही ते वाचता येतं, आणि मावशींनाही एका नजरेत कळतं.

## ७. मांडणी आणि फिरती पाळी

सहा ते आठ प्रकार रॅकवर, बाकीचे दोन खोक्यांत माळ्यावर. दोन-तीन आठवड्यांनी दोन किंवा तीन प्रकार बदला. सगळं एकदम बदललं तर मूल गोंधळतं. बदल ते झोपल्यावर करा, आणि एखादी वस्तू मागितली तर वाद न घालता काढून द्या.

रॅकवर काय ठेवायचं, यात माझा कौल उघड आहे: ज्याचं रोज वेगळं काही होऊ शकतं ते. लाकडी ठोकळे, ओढण्या, डबे-झाकणं, भातुकली, खडू, शाडू माती. एकच बटण दाबून एकच गाणं वाजवणारं खेळणं लहान घरात जागेच्या मानाने फार कमी देतं. शाडूसाठी कडा असलेलं ताट आणि ओला फडका शेजारीच ठेवा, म्हणजे माती ताटाबाहेर फार पसरत नाही.

तंबू विकत घेऊ नका. जेवणाच्या टेबलावर जुनी सुती साडी टाकली की तासाभराचं घर होतं, आणि घडी घातली की जागा परत मिळते.

उड्या, पळापळ, चेंडू यांना घरात जागा करण्याचा अट्टहास धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे १ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल हवी. ती १० × १४ च्या हॉलमध्ये पूर्ण होणार नाही, खालच्या मजल्यावरच्यांनाही त्रास होईल. सोसायटीचं आवार, जवळची बाग, संध्याकाळी गच्ची मोठ्यांसोबत, हेही खेळाच्या जागेतच धरा आणि त्याची वेळ ठरवून टाका.

## ८. आवरणं

जेवणाआधीची दहा मिनिटं, रोज तीच. ‘सगळं आवर’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘गाड्या या खोक्यात’ हे कळतं. एका वेळी एकच प्रकार, आणि तुम्ही शेजारी बसून दुसरा प्रकार उचलायचा.

मूल आवरायला नाही म्हणतं, त्यामागे बऱ्याचदा अर्धवट राहिलेला खेळ असतो. दोन तास खपून बांधलेला किल्ला मोडायला कोणाला आवडेल? त्यासाठी एक पाट किंवा प्लायवूडचा तुकडा ठेवा. चालू असलेला खेळ त्यावरच मांडायचा आणि रात्री तसाच सोफ्याखाली किंवा कडेला सरकवायचा. दोन भावंडं असतील तर दोघांचे पाट वेगळे, आणि थोरल्याचा पाट धाकट्याच्या हाताबाहेर, टेबलावर. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

तपासा: आवरायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागतात का? लागत असतील तर मुलाला शिस्त लावण्याआधी रॅकवरचा एक प्रकार कमी करा.

## कधी पुन्हा मोजायचं

मेच्या शेवटी एकदा, पाऊस लागण्याआधी: कापडी खेळणी आणि सतरंजी कडक उन्हात, रॅक बाहेरच्या भिंतीपासून आत. वाढदिवसानंतर एकदा, कारण तेव्हा एकदम दहा वस्तू घरात येतात. त्यातल्या दोन बाहेर ठेवा, बाकीच्या तारीख लिहून माळ्यावर. आणि मूल रांगायचं सोडून चालायला लागलं, किंवा स्टूल ओढून त्यावर चढायला लागलं, की त्याच दिवशी चौथी पायरी गुडघ्यांवर येऊन परत पहिल्यापासून करा.